इरा, दामू ही शिवी नाहीये

इरा बाळा,

परवा गाडीत तुझी मैत्रीण मागे बसलेली, आजीचा फोन स्पीकरवर आला, नेहमीसारखं ती ओरडली "दामूऽ, जेवलास का रे?" आणि मी पटकन आवाज बारीक केला. रात्री तू विचारलंस, "बाबा, दामू बॅड वर्ड आहे का?" तेव्हा हसलो, पण लागलं गं ते.

नाव दामोदर. दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. कृष्णाने दह्याचं मडकं फोडलं म्हणून यशोदा त्याला उखळाला बांधायला गेली, तर दोरी दोन बोटं कमी, दुसरी जोडली तरी दोन बोटं कमीच, शेवटी आई दमली बघून त्यानेच बांधून घेतलं. तुला दोन वर्षांची असताना मॉलमध्ये पट्टा लावून फिरवायचो ना, तोच प्रकार.

हे नाव तुझ्या पणजोबांचं, ते मी जन्मायच्या आधीच गेलेले. आता सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे आजीला पोटच्या पोराला पूर्ण नावाने हाकच मारता येईना. म्हणून दामू. दामू कसं काय चालायचं ते विचारू नकोस. पण मी दूध सांडलं की तिच्या तोंडून "दाम्या मेल्या!" निघायचं, आणि लगेच भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघून स्वतःच्याच गालावर दोन चापट्या. त्या बघायला मी एकदोनदा मुद्दाम सांडलंय.

तसं ती नाव न घेण्याची पद्धत मलाही पटत नाही, बाईनेच का गिळायचं नाव. तुझी आई तर चिडतेच, बरोबर आहे तिचं.

पण नाव तोडणं वेगळं. सदाशिवचा लाडाने सदू, रागाने नाहीतर दोस्तीत सद्या. तुकाराम महाराज अभंगात स्वतःला तुका म्हणतात, नामदेव नामा, त्यांना कुठे कमीपणा वाटला. वाटला तो मला. इथल्या पहिल्या जॉबला मॅनेजर तीनदा "डॅमोडर" म्हणाला, पलीकडे दोघं हसले, चौथ्यांदा मीच म्हटलं, डॅन म्हणा. त्याला आता सतरा वर्षं झाली.

तू मैत्रिणींना हे सगळं सांगत बस असं नाही हं. फक्त रविवारी आजीचा फोन आला आणि माझा हात परत त्या बटणाकडे गेला तर तू आवाज वाढव.

बाबा