स्वस्त डायऑप्टर रायफलवर चढवण्यापूर्वी

प्रश्न : माझी 14 वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. रायफल आम्ही एका ज्येष्ठ खेळाडूकडून वापरलेली घेतली आहे आणि तिच्या डायऑप्टरचा, म्हणजे ज्याच्या बारीक छिद्रातून पाहून नेम धरतात त्या मागच्या साइटचा, उंचीचा नॉब आता अडकू लागला आहे. मूळ कंपनीचा नवा डायऑप्टर आमच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे त्याच्या जवळपास पाव किमतीत मिळणारा, फारसे नाव नसलेला एक डायऑप्टर मागवला. दिसायला तो उत्तम आहे. दोन महिन्यांनी स्पर्धा आहे. तो भरवशाचा आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही हा प्रश्न डायऑप्टर वापरायला लागण्याआधी विचारलात, याचे मला मनापासून समाधान वाटते; कारण या वयातली मुले गुण घसरले की साहित्याला नव्हे, स्वतःच्या हाताला दोष देतात. मी कॉलेजात असताना असाच एक स्वस्त डायऑप्टर घेतला होता. तीन महिने माझे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचे पुंजके, खालीवर होत राहिले. प्रशिक्षकांनी माझ्या कोपराची ठेवण बदलून पाहिली, श्वासाची लय बदलली, आणि मी रात्र रात्र उभे राहून कोरडा, म्हणजे छर्रा न भरता, सराव केला. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी तो डायऑप्टर व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरला, त्यावर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावला आणि बोटाने हलकेच दाबून दाखवले : काटा 8 घरे सरकला, म्हणजे 0.08 मिलिमीटर. दोष माझ्या कोपरात नव्हता.

0.08 मिलिमीटर म्हणजे किती, हे आधी समजून घेऊ, कारण बाकीची सगळी पारख या हिशेबावर उभी आहे. मागच्या डायऑप्टरपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर साधारण 70 सेंटिमीटर धरले आणि निशाण 10 मीटरवर असले, तर मागे झालेली चूक निशाणावर सुमारे 14 पट होऊन उमटते. एअर रायफलच्या निशाणावर 10 गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि दशांश गुणपद्धतीत प्रत्येक 0.1 गुण म्हणजे मध्यापासून 0.25 मिलिमीटरचे अंतर. माझ्या डायऑप्टरची 0.08 ची ढिलाई म्हणजे निशाणावर 1.1 मिलिमीटरहून अधिक, अर्थात एका शॉटमागे चार दशांशांहून जास्त नुकसान होऊ शकणारी चूक. 60 शॉट्सच्या स्पर्धेत पात्रतेचे स्थान अनेकदा एखाद-दोन गुणांनी हुकते, तेव्हा हा फरक किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

म्हणून डायऑप्टर विकत घेताना तो किती चकाकतो किंवा क्लिकचा आवाज किती करकरीत आहे, हे माझ्या लेखी दुय्यम आहे. तो हलवला की सांगितला तेवढाच हलतो का, आणि परत आणला की पहिल्या जागी येतो का, या दोन गोष्टींवर त्याची किंमत ठरते.

पहिली तपासणी घरीच, टेबलावर करा. डायऑप्टर डाव्या हातात घट्ट धरून डोळ्याकडचा भाग उजव्या हाताने चारही दिशांना हलका दाबा. मोकळीक जाणवली, तर पुढे तपासण्याची गरजच नाही, तो परत पाठवा. मग नॉब एका दिशेने 20 क्लिक (नॉबचे टकटक वाजणारे टप्पे) फिरवा आणि उलट फिरवायला लागा. दिशा बदलल्यावर पहिल्या एक-दोन क्लिकचा आवाज येतो पण आतला भाग हललेलाच नसतो, हा स्वस्त मालातला नेहमीचा दोष आहे. आट्यांमधली ढिलाई भरून काढण्यात त्या क्लिक वाया जातात. आतल्या स्प्रिंगने आटे सतत एकाच बाजूला दाबून धरले असतील, तर हा दोष दिसत नाही. पांढऱ्या भिंतीकडे पाहून छिद्रही तपासा : ते गोल असावे, त्याची कड काळी असावी, कुठे चकाकू नये. आयरिस (छिद्र लहानमोठे करणारी झडप) असेल, तर ती लहानमोठी करताना छिद्राचा मध्य सरकता कामा नये.

डायऑप्टरच्या पायाची खाच रायफलच्या रेलवर (साइट बसवायच्या पट्टीवर) बसवण्याआधी तिच्या कडेवरून नख फिरवा. नखाला बर (धातूची धारदार कोर) लागली, तर खाच आवळताना रेलवर चरा उठेल आणि पायाही पूर्ण टेकणार नाही. स्क्रू नरम असतील, तर अॅलन की दोन-चार वेळा लावताच त्यांचे कोपरे गोल होतात. ते बदलून चांगले स्क्रू घालणे मात्र सहज शक्य आणि अल्प खर्चाचे आहे, तेवढ्यासाठी डायऑप्टर नाकारू नका.

दुसरी तपासणी डायलची. इचलकरंजीत यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखाने भरपूर आहेत, 0.01 मिलिमीटर मोजणारा डायल तुम्हाला ओळखीत मिळेल. व्हाइसच्या जबड्यांना चामड्याचा तुकडा लावून डायऑप्टरचा पाया धरायला सांगा आणि डायलचे टोक डोळ्याकडच्या भागावर टेकवा. 10 क्लिक वर, मग 10 क्लिक खाली, असे पाच वेळा करून दर वेळी काटा कुठे येतो ते लिहून घ्या. एक गोष्ट विसरू नका : डायलचे टोकही भागावर थोडा दाब देते आणि त्यामुळे ढिलाई लपते, म्हणून दर वेळी विरुद्ध बाजूने बोटाने हलके दाबून पुन्हा वाचन घ्या. काटा 1 घराच्या आत परत येत असेल, तर निशाणावरचा फरक 0.15 मिलिमीटरपेक्षा कमी राहतो आणि तुमच्या मुलीच्या पातळीवर मी तो आनंदाने स्वीकारेन. 5 घरांचा फरक असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो घेऊ नये.

खरी परीक्षा रेंजवर होते आणि तिची सुरुवात जुन्या डायऑप्टरने करावी, अडकणारा नॉब अजिबात न फिरवता. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून, एकाच डब्यातले छर्रे वापरून 10 शॉट्सचा ग्रुप काढा. रायफल आणि छर्रे मिळून किती देतात, हे त्यातून कळते. मग नवा डायऑप्टर चढवून 5 शॉट्स मारा, 40 क्लिक वर नेऊन 5, तिथून 40 उजवीकडे, मग 40 खाली आणि शेवटी 40 डावीकडे. पाचवा ग्रुप पहिल्यावर बसला आणि चार कोपऱ्यांचा चौकोन तिरका झाला नाही, तर आटे आणि सरकपट्ट्या नीट आहेत. शेवटी पायाजवळ रेलवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून नेहमीच्या सरावाचे तीन दिवस जाऊ द्या आणि रेघ जागेवर आहे का ते पाहा. यात छर्ऱ्यांचा एखादा डबा खर्च होईल. तो जरूर करा.

स्पर्धेच्या नियमांनुसार डायऑप्टरमध्ये भिंग चालत नाही. स्वस्त संचात कधी ते बसवून येते, तेवढे पाहून घ्या. आणि निर्णय स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी घ्या. तपासणीत डायऑप्टर नापास झाला, तर जुन्याचा अडकणारा नॉब उघडून साफ करून घेणे हाच मार्ग योग्य ठरेल. अनेकदा आत वाळलेले ग्रीस आणि धूळ एवढेच कारण असते.

प्रश्न : आमच्या क्लबमधील एक जण त्यांच्या जुन्या रायफलचे जादा एअर सिलिंडर अगदी कमी किमतीत देत आहेत. त्यावरची मुदत गेल्या वर्षी संपली आहे, पण हवा टिकते. घ्यावे का?
— एक नेमबाज, सांगली

उत्तर : घेऊ नका. डायऑप्टर खराब निघाला तर गुण जातात. सिलिंडर गालाजवळ, हाताखाली असते आणि त्यात 200 बारपर्यंत दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे शंभर पट. हवा टिकते यावरून फक्त ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) चांगली आहे एवढेच सिद्ध होते. पुन्हा पुन्हा भरण्याने धातूला येणारा थकवा बाहेरून दिसत नाही आणि तो घरी तपासण्याचा कोणताही उपाय नाही. मुदतीतले सिलिंडर वापरण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनी खेळाडूवरच टाकलेली आहे, त्यामुळे साहित्य तपासणीतही तुमची अडचण होईल. ज्यांचे ते सिलिंडर आहे, त्यांनाही हे सांगा आणि ते हळूहळू पूर्ण रिकामे करून बाजूला काढायला लावा, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही.