घर खायला उठतं

प्रश्न : मी वडगावात राहते, वय ६४. यजमान जाऊन दोन वर्षं झाली, घरातले दोन्ही माग विकले. मुलगा बेंगळूरला, लेक पुण्याला. दोघंही रोज फोन करतात, पैशाची अडचण नाही. पण मागाची खटखट थांबल्यापासून घर खायला उठतं. कुणाला सांगितलं तर म्हणतात, "तुम्हाला काय कमी आहे?" माझंच चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकत नाही. भूक लागली म्हणून कुणी स्वतःला दोष देतं का? शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कासिओपो यांनी अनेक वर्षं एकटेपणावर काम केलं. ते त्याला तहान-भुकेच्याच पंगतीला बसवत. माणसांत जा, असं शरीरच सांगत असतं. पण ही भूक फार दिवस मारली की मन बिचकतं, समोरच्याच्या साध्या बोलण्यातही टोमणा ऐकू येतो आणि आपणच दार लावून घेतो.

मी लावून घेतलं होतं. सासूबाईंचं नऊ वर्षं अंथरुणावरचं सगळं केलं. त्या गेल्या आणि दुपारी माझे हात रिकामे झाले. वरच्या मजल्यावर गोकाककडच्या एक बाई भाड्यानं राहायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, माझं कन्नड बाजारापुरतं. रोज जिन्यातून विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का? जेवलेली नसले तरी मी "आत्री" म्हणून मोकळी व्हायची. एक दिवस तोंडातून "इल्लरी", म्हणजे नाही, असं निघून गेलं. दहा मिनिटांत त्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन खाली आल्या, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. बोलणं काहीच झालं नाही. पण कितीतरी दिवसांनी मी कुणासमोर बसून जेवले.

मुलांचे फोन हवेतच, पण फोनवर आपण सगळं "बरं आहे" असंच सांगतो. तुमच्या गल्लीत अजून माग चालू असतील. दुपारी तासभर तिथं जाऊन बसा. तुटलेला धागा जोडणारा सरावाचा हात त्यांनाही हवाच असेल, आणि ती खटखटही कानावर पडेल.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र थांबू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

आणि शेजारच्या कुणी "जेवलात काय?" म्हणून विचारलं, तर ताई, खरं तेच सांगा.