न्यू जर्सीत घराच्या बेसमेंटमध्ये पाणी येतंय, कंपनीने २२ हजार डॉलर सांगितलेत, सही करू का?

आज रात्री तरी करू नका.

तुम्ही लिहिलंय की घर १९६२ चं आहे, भिंती काँक्रीट ब्लॉकच्या, जोराचा पाऊस झाला की मागच्या कोपऱ्यात भिंत आणि फरशी मिळते तिथून पाणी येतं, आणि जो माणूस आला त्याने चारही बाजूंनी ड्रेन (फरशीखालून पाणी पंपाच्या खड्ड्यापर्यंत नेणारा पाइप), दोन पंप असं २२ हजारांचं कोटेशन दिलं, आजच सही केली तर ३ हजार कमी. अहो, ते ३ हजार उद्या पण कमी होतात आणि पुढच्या महिन्यात पण होतात, मी मागून घेतलेत. घरी येतो तो बऱ्याचदा काम करणारा नसतोच, कमिशनवरचा सेल्समन असतो, त्याच्याकडे विकायला एकच औषध आहे त्यामुळे दुखणं काहीही असो, देणार तेच. मॉइश्चर मीटर लावून पीं पीं वाजवून दाखवलं असेल ना? जुन्या बेसमेंटच्या भिंतीला ते लावलं की बहुतेक वेळा वाजतंच, त्यावरून पाणी कुठून येतंय हे कळत नाही.

माझी कथा सांगतो म्हणजे पटेल. आम्ही २०१९ ला मिडलसेक्स काउंटीत जुनं घर घेतलं. पहिल्याच वर्षी बेसमेंटच्या भिंतीवर पांढरा लोणा दिसायला लागला. मी पुण्यात वाढलेला, वॉटरप्रूफिंग म्हटलं की डोळ्यासमोर गच्चीच, ब्रिकबॅट कोबा घालायचा, वर चायना मोझॅक, पाणी अडवलं की काम झालं. त्याच हिशोबाने एका हँडीमनकडून आतून वॉटरप्रूफ पेंट मारून घेतला, १४०० डॉलर. वर्षभरात पोपडे. कारण इथे पाणी वरून पडत नाहीये, बाहेरची माती पाणी पिऊन फुगते आणि ते पाणी भिंतीला बाहेरून रेटतं, आणि ब्लॉक आतून पोकळ असल्यामुळे पाणी त्या पोकळीत साठून खालच्या सांध्यातून बाहेर येतं. त्याला आतून रंग लावणं म्हणजे गळक्या बादलीला बाहेरून स्टिकर लावणं. पाण्याला वाट द्यावी लागते, बस. एकतर घरापासून लांब जायची नाहीतर घरात शिरल्यावर पंपापर्यंत जायची.

मग २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा चक्रीवादळाचा पाऊस आला, त्या दिवशी नेवार्कला ८.४१ इंच पाऊस पडला, आमच्या बेसमेंटमध्ये घोट्याच्या वर पाणी, लग्नाचे अल्बम, मुलीची सायकल, सगळं भिजलं. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले कारण जमिनीतून झिरपून आलेलं पाणी साध्या होमओनर पॉलिसीत बसत नाही. (फ्लड इन्शुरन्स वेगळा घेतला तरी त्यात बेसमेंटमधल्या फार थोड्या गोष्टी कव्हर होतात, हे आधी वाचून घ्या. पंप बंद पडून पाणी भरलं तर त्यासाठी वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर मिळतं, ते मात्र घ्याच.) त्यानंतर महिनाभर दारावर वॉटरप्रूफिंगवाल्यांची रांग. तीन कोटेशन घेतली, १९ हजार, १४ हजार, आणि एकजण तर म्हणाला भिंतच बदला.

शेवटी ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ज्याला काहीच विकायचं नाहीये असा माणूस बोलव. मी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, ५५० डॉलर फी. तो बेसमेंटमध्ये दहा मिनिटं होता आणि घराबाहेर पाऊण तास! म्हणाला तुमच्या छपराचं सगळं पाणी पायाच्या कडेला पडतंय. इथे ज्याला गटर म्हणतात ते आपलं गटार नव्हे, छपराची पन्हळ, तिचे खाली येणारे पाइप आमच्याकडे भिंतीपासून जेमतेम एक फुटावर संपत होते. हिशोब करून बघा, १००० चौरस फूट छपरावर १ इंच पाऊस म्हणजे साधारण ६२० गॅलन, आपल्या गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या दोन टाक्या आणि वर थोडं. ते सगळं आम्ही स्वतःच्याच पायात ओतत होतो. शिवाय मागच्या बाजूची माती इतक्या वर्षांत खचून उतार घराकडेच झाला होता, तो बाहेरच्या बाजूला पाहिजे, पहिल्या १० फुटांत ६ इंच तरी. पन्हळी साफ केल्या, पाइप लांबवून ८-१० फूट पुढे नेले, माती आणून उतार केला, सगळं मिळून २१०० डॉलर. पाणी संपलं का? नाही. पण बरंच कमी झालं, आणि मुख्य म्हणजे उरलेलं फक्त एका भिंतीला येतंय हे कळलं. मग चारही बाजूंच्या ऐवजी त्या एका बाजूला ३४ फूट ड्रेन आणि एक पंप, ५८०० ला झालं.

तेव्हा आधी हे बाहेरचं करा आणि एक-दोन मोठे पाऊस जाऊ द्या. पावसात छत्री घेऊन घराला चक्कर मारा, व्हिडिओ काढा, कॉन्ट्रॅक्टरला तोच दाखवा. भिंत नुसती ओली वाटत असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांनी टेप लावून एक-दोन दिवस चिकटवून ठेवा, थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतली वाफ आहे, हवेतला ओलावा काढणाऱ्या डिह्युमिडिफायरने काम होईल, भिंतीच्या बाजूला आले तर झिरपतंय. आणि ब्लॉकच्या भिंतीला मधोमध आडवी भेग असेल किंवा भिंत आत फुगलेली दिसली तर ड्रेनबिन सगळं बाजूला ठेवा, आधी इंजिनिअर.

आता कॉन्ट्रॅक्टर. न्यू जर्सीत होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टरला राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे रजिस्ट्रेशन लागतं, नंबर 13VH ने सुरू होतो, त्यांच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच करायचं असा नियम आहे. लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागा, ते थेट त्याच्या एजंटकडून ईमेलने मागवा, फोनमधला फोटो नको. आणि समजा तुम्ही हे वाचायच्या आधीच सही केली असेल तरी घाबरू नका, कराराची कॉपी हातात पडल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, लेखी कळवा, सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

करारात "बेसमेंट वॉटरप्रूफिंग" अशी एक ओळ चालणार नाही. किती फूट ड्रेन, कुठल्या भिंतीला, ब्लॉकला तळाशी भोकं पाडणार का (तुमच्या घरात हवीतच, नाहीतर पोकळीतलं पाणी तिथेच बसतं), पाइप साफ करायला तोंड ठेवणार का, पंप किती हॉर्सपॉवरचा, पाणी उलट येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह आहे का, पाणी बाहेर कुठे सोडणार. सांडपाण्याच्या लाइनमध्ये सोडायला बहुतेक टाऊनशिप (म्हणजे इथली नगरपालिका) परवानगी देत नाहीत, आणि बाहेरचा पाइप उताराने नेला नाही तर जानेवारीत त्यात बर्फ होतो. परमिट लागतं का ते टाऊनशिपला स्वतः फोन करून विचारा, "लागत नाही हो" हे कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडून ऐकू नका. बॅटरी बॅकअप हवाच, पाऊस आणि वीज जाणं एकदमच होतं, हे महाराष्ट्रातल्या माणसाला काय सांगायचं. पंपाच्या खड्ड्याचं झाकण हवाबंद घ्या, न्यू जर्सीत बऱ्याच भागात जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू येतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून वेगळी लिहितो. तुमच्या घराच्या काळातल्या घरांत बेसमेंटला ९ इंची चौकोनी टाइल्स असायच्या, कार्पेटखाली अजून असतील, त्यात आणि त्यांच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असण्याची चांगलीच शक्यता असते, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ड्रेनसाठी कडेने फरशी जॅकहॅमरने फोडतात. आधी तुकडा लॅबमध्ये तपासून घ्या, फार खर्च नाही. आमच्याकडे १४ हजारवाल्याने टाइल्स बघून "काही होत नाही" म्हटलं, तिथेच त्याचं नाव कटाप.

लाइफटाइम वॉरंटीचं विचारलंय तुम्ही. कुणाचं लाइफ ते बघा 😀 बारीक अक्षरात बहुतेक वेळा असं असतं की जिथे त्यांचा ड्रेन आहे तेवढ्याच भागाची, पंप त्यात नाही, दरवर्षी त्यांच्याकडूनच सर्व्हिसिंग केलं तरच, आणि घर विकलं तर नव्या मालकाला ट्रान्सफर करायला फी. कंपनी बंद पडली तर मग विषयच मिटला.

पैसे एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश चर खणून पाइप टाकल्यावर (काँक्रीटने बुजवायच्या आधी स्वतः खाली जाऊन फोटो काढा), उरलेले पंप चालवून दाखवल्यावर आणि परमिट असेल तर इन्स्पेक्शन पास झाल्यावर. मी खड्ड्यात बादल्या ओतून पंप चालतोय ते बघितलं, तो माणूस हसला पण थांबला.

फॅमिली रूमखाली क्रॉलस्पेस (फरशीखालची रांगत जाण्याइतकी बुटकी जागा) असेल आणि तिचं काम या कोटेशनमध्ये घुसवलं असेल तर ते वेगळं करायला सांगा. तिथे नुसती ओली माती असेल तर जाड प्लास्टिक, सांधे नीट चिकटवून भिंतीवर चढवलेलं, आणि एक डिह्युमिडिफायर, बऱ्याचदा तेवढं पुरतं. पाणी साठत असेल तर गोष्ट वेगळी.

मागच्या कोपऱ्याचा बाहेरून काढलेला फोटो टाका, पाइप कुठे संपतोय ते दिसेल असा.