'महिंद्राच आहे, बसतोय' म्हणून एक्सल घेऊ नका

प्रश्न : माझी १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, फोर बाय फोर. राधानगरीच्या वरच्या वाड्यांतून रोज दूध गोळा करून आणतो. मागच्या डिफरन्सरमधून (इंजिनाची ताकद दोन चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) घोंगावल्यासारखा आवाज यायचा. मिस्त्रींनी उघडला तर पिनियनचे, म्हणजे त्यातल्या लहान गिअरचे, दात गेलेत. कोल्हापुरात एका भंगारवाल्याकडे टू व्हील ड्राइव्ह कमांडरचा अख्खा मागचा एक्सल आहे. 'दोन्ही महिंद्राच, डोळे झाकून बसतोय,' म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, ता. राधानगरी

उत्तर : दादा, पैसे द्यायची घाई करू नका. बिघडलाय मागचा डिफरन्सर, पण कुठला घ्यायचा ते ठरवणार पुढचा.

फोर बाय फोरचा दांडा टाकला की तुमच्या जीपची ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे डिफरन्सरपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब नळ्या, एकमेकांना बांधून टाकते. दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. म्हणून दोन्ही डिफरन्सरचा रेशो एकच हवा. क्राऊनचे (डिफरन्सरमधल्या मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे दात, हा तो रेशो. जीपच्या बाजारात ४३ ला ८ म्हणजे ५.३८, ३९ ला ८ म्हणजे ४.८८, ४७ ला ११ म्हणजे ४.२७ आणि ४१ ला ११ म्हणजे ३.७३ असे संच भेटतात. समजा पुढे ५.३८ आहे आणि मागे ४.८८ बसवला. मग पुढची नि मागची चाकं साधारण दहा टक्के वेगळ्या वेगाने फिरू पाहतील. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जाईल. पण डांबरावर किंवा कोरड्या खडकाळ वाटेवर घसरायला जागा नसते. सगळा ताण ट्रान्सफर केस, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे) आणि एक्सल शाफ्टवर येतो.

यातली वाईट गोष्ट अशी की रोजच्या टू व्हीलवर काहीच कळत नाही. गाडी छान पळते, आवाज गेला म्हणून माणूस खूश. मग पावसाळ्यात घाटात दांडा टाकला की गाडी अवघडते आणि दांडा परत निघता निघत नाही. तुमच्या रस्त्यांवर, मागे भरलेले दुधाचे कॅन असताना, हे व्हायला नको. म्हणून एवढं सांगतोय.

आता मोजायचं कसं? मागचा उघडलेलाच आहे, त्याचे दात मोजा. पिनियनचे दात तुटले असले तरी बुडखे दिसतात. पुढचा उघडायची गरज नाही. मागच्या चाकांना पक्की ओट लावा, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. फोर बाय फोरचा दांडा काढलेला असू दे आणि चाकाच्या हबला लॉक (चाक एक्सल शाफ्टशी जोडणारे) असतील तर ते लावा. चाकावर आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा. शाफ्ट पाचाला जरा कमी फिरला तर ४.८८, पाचाच्या वर एक तृतीयांशाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८. हीच युक्ती भंगारवाल्याच्या दारात त्या कमांडरच्या एक्सलवर करा. एक ड्रम धरायचा, दुसरा दोन फेरे फिरवायचा, पिनियनच्या फ्लँजचे फेरे मोजायचे. माझे वस्ताद भंगारात जाताना खिशात खडू आणि टेप घेतल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत.

रेशो जुळला तरी टेप बाहेर काढा. डिफरन्सरचा गोळा कुठे आहे ते आधी बघा. जुन्या फोर बाय फोर जीपमध्ये ट्रान्सफर केसचं मागचं तोंड एका बाजूला असतं, म्हणून गोळाही बाजूला. टू व्हील ड्राइव्हच्या गाडीत शाफ्ट गिअरबॉक्समधून सरळ येतो, त्यामुळे गोळा मधोमध. असा एक्सल बसवलात तर शाफ्ट तिरका चालेल आणि क्रॉस टिकणार नाहीत. तुमच्या बाबतीत मला खरी भीती याचीच वाटते. मग स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकीतलं अंतर, ड्रमपासून ड्रमपर्यंतची रुंदी आणि पिनियन फ्लँजची भोकं मोजा.

गोळा जुळला नाही तर अख्खा एक्सल सोडा आणि त्यातला फक्त क्राऊन-पिनियन मागा, रेशो जुळत असेल तरच. पण तो जोडीनेच घ्यायचा, कारण कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं. दोन्हींवर कोरलेला नंबर एकच हवा. डाना ४४ घराण्याच्या (जीपच्या एक्सलचा एक प्रकार) एक्सलमध्ये आणखी एक गोम आहे : ३.७३ पर्यंतच्या क्राऊनचा केज, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो तो सांगाडा, वेगळा आणि ३.९२ पासून पुढचा वेगळा. एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचा, म्हणजे स्प्लाइनही मोजा, जुने दहा जाड खाचांचे येतात, नंतरचे तीस बारीक. बसवताना मिस्त्रींना शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजच्या घड्याळावर बघायला सांगा. पाच ते दहा थाऊंच्या (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) मधे हवा. हाताने हलवून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

प्रश्न : माझ्या ओम्नीचा गिअरबॉक्स गेला. मित्राकडे मारुती ८०० चा चांगला पडून आहे. इंजिन दोन्हींचं ७९६ सीसीच, मग चालेल ना? नाहीतर इंजिनासकट घेऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही चालणार. ८०० मध्ये इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतात, डिफरन्सर गिअरबॉक्सच्याच पोटात. ओम्नीत इंजिन सीटखाली उभं आणि ताकद प्रोपेलर शाफ्टने मागच्या चाकांना जाते. इंजिनासकट आणलं तरी शाफ्ट जोडायला तोंडच नाही. ओम्नीचाच शोधा, आणि घेताना ऑइल काढून त्यात चमकणारे कण आहेत का ते बघा.

गिअरबॉक्सचा नंबर आरसी बुकात नसतो, त्यामुळे तो बदलला म्हणून आरटीओत जावं लागत नाही. इंजिन बदललं तर मात्र नोंद करावी लागते. म्हणून जुनं इंजिन कधी घ्याल तेव्हा बिलावर त्याचा नंबर आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचा नोंदणी क्रमांक, दोन्ही लिहून घ्या. दुकानदार कां-कूं करू लागला तर तिथून उठा.