मेकॅनिकल सील गळती कशी रोखते आणि नवे सील इतक्या लवकर का जाते?

आपला प्रश्न असा, की मोनोब्लॉक पंपाचे (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या पंपाचे) मेकॅनिकल सील दर दोन महिन्यांनी बदलूनही शाफ्टपाशी पाणी गळतच राहते, तेव्हा सील खराब समजावे की बसवणारा. कोल्हापुरात उद्यमनगरात पंपदुरुस्तीत बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो.

फिरणारा शाफ्ट (दांडा) आणि स्थिर केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच) यांच्यात फट राहणारच. पूर्वी या फटीत ग्लँडदोरी, म्हणजे वंगण लावलेली विणलेली दोरी, ठासून भरत. पण ती कोरडी पडली की शाफ्टची स्लीव्ह (त्यावरची संरक्षक नळी) खाते, म्हणून तिच्यातून पाणी मुद्दाम ठिबकू द्यावे लागते. मेकॅनिकल सीलमध्ये शाफ्टलगतची वाट रबरी रिंगने बंद होते, आणि ती रिंग शाफ्टबरोबरच फिरत असल्यामुळे घासत नाही. घासण्याचे काम शाफ्टला काटकोनात बसवलेल्या दोन चकत्यांकडे जाते. त्यांतील एक फिरते व एक स्थिर असते. एक बहुधा कार्बनची, तर दुसरी सिरॅमिक किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते. त्यांना स्प्रिंग एकमेकींवर टेकवून ठेवते आणि पंप चालू झाला की आतल्या पाण्याचा दाबही त्याच दिशेने रेटा देतो.

या चकत्या कोरड्या घासत नाहीत, हे मात्र अनेक जुन्या फिटरनाही पटत नाही. त्यांचे पृष्ठभाग लॅपिंग करून (बारीक भुकटीने घासून) इतके सपाट केलेले असतात, की मधली फट साधारण १ मायक्रॉनच्या आत राहते (माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो), आणि त्या फटीत पंपातल्याच पाण्याचा पापुद्रा वंगणाचे काम करतो. त्यातले थोडे पाणी सतत बाहेर येत असते, पण ते वाफ होऊन जाते, म्हणून डोळ्यांना सील कोरडे दिसते. जे पाणी अडवायचे, त्याच पाण्यावर सील जगते.

म्हणूनच उन्हाळ्यात नदीची पातळी उतरली किंवा फूट व्हॉल्व्ह (ओढनळीच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप) गळका असला आणि पंप काही मिनिटे जरी कोरडा फिरला, तरी मिनिटाला सुमारे २,९०० फेऱ्यांच्या वेगात चकत्या तापतात. मग एकदम गार पाणी आले, की सिरॅमिक तडकते. नदीकाठच्या पंपांवर मी पाहिलेली बहुतेक सिले अशीच गेलेली होती. साखर कारखान्यातला प्रकार निराळा. एका कारखान्यातल्या सिरपच्या पंपाचे सील उघडले, तेव्हा दोन्ही चकत्या वाळलेल्या पाकाने अशा चिकटल्या होत्या, की हाताने सुटेनात. बंद पडलेला पंप तसाच चालू केल्यामुळे कार्बनची कड फुटली होती. तेथे सील बदलून भागले नाही. सीलच्या बाहेरच्या बाजूला गरम पाण्याची बारीक धार द्यावी लागली.

तेव्हा आपले जुने सील फेकण्यापूर्वी नीट पाहावे. कठीण चकतीवर मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक चिरा असतील, तर पंप कोरडा चालला आहे. घासल्याचा पट्टा कार्बनच्या तोंडापेक्षा रुंद दिसला, तर शाफ्ट हेलकावतो आहे; बेअरिंग आणि शाफ्टचा बाक डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) तपासल्याशिवाय नवे सील घालण्यात अर्थ नाही. रबर फुगले असेल, तर त्याला तेल लागले आहे का ते पाहावे, कारण काही सिलांत ईपीडीएम रबर असते आणि ते खनिज तेलात फुगते. बसवताना सहज लावलेले ग्रीसही त्याला पुरते. नवे सील बसवताना चकत्यांच्या तोंडांना बोट लावू नये, शाफ्टच्या पायरीची धार पॉलिश पेपरने मोडून घ्यावी, आणि केसिंग पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून, मगच बटण दाबावे.