मे महिन्यात रोल धुताना

प्रश्न : वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाइट रोल काढला. मे महिन्यात घरीच डी-76 या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) धुतला, तर निगेटिव्हवर बारीक जाळी आली, कडेचा थरही सुटला. घरात पडून असलेल्या ब्रोमाइड पेपरवर (फोटो छापायचा कागद) प्रिंट काढली, तीही राखाडी. लातूरच्या उन्हाळ्यात तुम्ही वर्तमानपत्राचे फोटोग्राफर कसं जमवायचात?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : केमिकल निर्दोष आहे, घात गच्चीवरच्या टाकीतल्या तापलेल्या पाण्याने केला. गरम पाण्यात फिल्मचं जिलेटिन फुगून मऊ पडतं. त्यात डेव्हलपर कोमट आणि हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर, गार असला, की आकसून जाळी धरतं. 20 अंशांचा हट्ट सोडा, पण डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला ठेवा.

आमची डार्करूम जिन्याखाली होती. दारामागे एक माठ. तो पिण्याचा नाही, हे नव्या पोराला आधी सांगावं लागे. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ झकास गारठतो. परातीत माठाचं पाणी ओतून त्यात बाटल्या उभ्या करायच्या. फारच तापलं तर रसवंतीवाल्याकडचा बर्फ, तोही पिशवीत बांधून परातीत. डेव्हलपरमध्ये टाकलात तर तो पातळ होईल. 24 अंश मिळाले तरी आम्ही खूश! 20 अंशांना 8 मिनिटं घेणारी फिल्म तिथे साधारण साडेपाचात होते. पाचाच्या खाली उतरू नका, डाग पडतात.

रात्री उशिरा सभेचा रोल आला, तर वाळायची वाट कोण बघणार? ओली निगेटिव्ह चिमटीतून निथळायची आणि थेट एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या पांढऱ्या आभाळात विरघळून जात. मग चेहऱ्यावर तळहाताची सावली धरून टोपीला जादा प्रकाश द्यायचा. एकूण प्रिंट मात्र जरा फिकीच ठेवायची, कारण न्यूजप्रिंटवर शाई पसरते आणि गडद भाग नुसता काळा ठिपका होतो.

2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यामुळे हायपोनंतर नळाखाली अर्धा तास रोल धुवा असं मी कुणाला सांगणार नाही. रोल धुवायचा बंद डबा (टँक) पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करा, पाणी बदला, मग दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. फिक्सरमध्ये तुरटी असेल तर एवढ्यावर भागत नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके टाळायला शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा.

राखाडी प्रिंटचा संशय मला पेपरवरच आहे. लाल दिवाही न लावता मिट्ट अंधारात त्याच्या दोन पट्ट्या कापा. एक सरळ हायपोत, दुसरी दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. दुसरी करडी झाली तर पेपर गेला, नवा घ्या. दोन्ही पांढऱ्या राहिल्या तर आधी तुमचा लाल दिवा तपासा.