ख्रिस्ती संतांचे सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी का असतात? ही प्रथा कधीपासूनची?

लेखी पुराव्यात ही प्रथा निदान दुसऱ्या शतकापर्यंत मागे जाते. पॉलिकार्प हे स्मिर्नाचे (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) वृद्ध बिशप. इ.स. १५५च्या सुमारास त्यांना ठार मारलं गेलं आणि तिथल्या मंडळीने (ख्रिस्ती समुदायाने) त्याची हकिगत पत्रातून दुसऱ्या गावच्या मंडळीला कळवली. ते पत्र आजही उपलब्ध आहे. जरूर वाचा.

शिपाई पकडायला आले तेव्हा पॉलिकार्पनी आधी त्यांच्याच जेवणाखाण्याची सोय करायला सांगितली आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. दोन तास प्रार्थना चालली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला धरायला आलो, याचं काही शिपायांनाच वाईट वाटलं. रोमन अधिकाऱ्याने ख्रिस्ताला नाकारायला सांगितल्यावर ते म्हणाले, "८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. माझ्या राजाची निंदा कशी करू?" त्यांना चितेवर बांधलं आणि शेवटी खंजीर खुपसला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यापुढे आहे. लोकांनी रत्नांहून मोलाच्या मानलेल्या त्यांच्या अस्थी गोळा करून ठेवल्या आणि दरवर्षी तिथे जमून त्यांच्या हौतात्म्याचा 'जन्मदिवस' साजरा करायचं ठरवलं. मृत्यू म्हणजे ख्रिस्ताजवळचा नवा जन्म, ही त्यामागची श्रद्धा. आराधना फक्त ख्रिस्ताची, हुतात्म्यांवर प्रेम त्याचे शिष्य म्हणून, हा फरकही पत्रात स्पष्ट केलाय. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

पॉलिकार्पचा सण २३ फेब्रुवारीला असतो. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान बाप्तिस्ता मात्र अपवाद: त्याचा जन्मदिवसही, २४ जूनला, पाळतात.